दुसरा भाग

फॉर्मवर एक ओळ असते : तात्काळ कारण.
तिच्याखाली दुसरी, त्यामागचं कारण.
तिच्याखाली तिसरी, त्याच्याही मागचं.
आणि मग रेघ मारून वेगळा काढलेला
दुसरा भाग : अन्य बाबी.
तो बहुतेकदा कोराच येतो.

लश्करच्या या इस्पितळात, तळघरात,
एकोणीस वर्षं मी डॉक्टरांचं अक्षर लावते.
फॉर्म हिंदीत, रोगांची नावं इंग्रजीत,
माणूस मात्र मला मराठीत दिसतो.

या जानेवारीत धुकं दहाला उठायचं
आणि फ्लूचे कागद अकराला यायचे.
हरचरण कुशवाह, वय सत्तेचाळीस, पत्थर की खदान.
फ्लू सहा दिवस.
छातीत दगडाची भुकटी बावीस वर्षं.
कागदावर सहा दिवस आले.

मग इंदुमती शिरढोणकर, निवृत्त शिक्षिका, भूगोल.
ताप उतरला होता. दलियाही मागितला म्हणे.
ऊन पलंगाच्या कडेवर आलं तेव्हा म्हणाल्या,
बघा, उत्तरायण लागलं.
आठव्या दिवशी पुन्हा हुडहुडी, गंजाच्या रंगाचा कफ.

डॉ. तोमर म्हणाले, विषाणू केव्हाच निघून गेला होता.
जाताना श्वासनळीचं अस्तर सोलून गेला,
आणि घशात वर्षानुवर्षं
ना भाडं ना भांडण असे राहणारे जंतू
खाली उतरले.
त्यात चौदा वर्षांची साखर.
‘मग नक्की कोणी?’ मी विचारलं.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.
‘तुमच्याकडे ओळी किती आहेत?’

दुपारी बाईंचा मुलगा आला. खिडकीशी वाकून :
‘ताई, मराठी ना तुम्ही?
ते शुगरचं तेवढं काढता येईल का?
विमेवाले अडवतील.’
डोळे सुजलेले. स्वेटर उलटा घातलेला.
मी म्हटलं, डॉक्टरांनी लिहिलंय, माझ्या हातात नाही.
हे खरं होतं.

खरं हेही आहे, की
माझ्या बाबांच्या फॉर्मवर नुसतं ‘निमोनिया’ आहे.
बिर्लानगरच्या गिरणीत, पिंजण खात्यात, सव्वीस वर्षं.
गिरणी बंद पडली, यंत्रं भंगारात गेली,
कापूस मात्र बाबांच्या छातीत
कामावर येत राहिला.
रात्री खोकला लागला की आई म्हणायची,
झाली तिसरी पाळी सुरू.
तो कागद मीच नोंदवला, नोकरीच्या पहिल्याच वर्षी.
डॉक्टरांनी विचारलं होतं, आधीचं काही?
मी म्हटलं, नाही, तसं काही नाही.
खोकला काय, असायचाच.

संध्याकाळी शिक्का मारून
शिरढोणकरबाईंचा कागद गठ्ठ्यात लावला.
मुलगा बाहेर बाकावर अजून बसलाय.
स्वेटर उलटा आहे,
हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.