शून्य

सुनेनं कुरिअरनं मागवलं ते यंत्र,
रात्रपाळीहून आली, खोकं फोडलं
आणि गाडीच्या किल्लीच्या खिळ्याला
शेजारीच अडकवून दिलं.
बोलली काहीच नाही. जागृतीचं असंच.

काळं, साबणाच्या वडीएवढं,
वर पांढरी नळी.
शिट्टी वाजेपर्यंत फुंकत राहायचं,
मध्येच श्वास तुटला तर ते आकडा देत नाही,
रुसतं.

पहिल्या रात्री घरभर गंमत.
इंदूनं फुंकलं: ०.०१४.
जी खोकल्याचं औषधही नाक दाबून घेते
तिच्या नावावर ०.०१४!
मी लोळून हसलो, "पाहा भो,
कोण पिऊ राहिलं या घरात!"
सून म्हणाली, आई, आता काय खाल्लं?
दोन केळी. काळी पडलेली, घडाच्या तळची,
फेकवेनात म्हणून.
चूळ भरा, पंधरा मिनिटं थांबा.
थांबली. फुंकलं. ०.०००.
तोंडातलं तोंडात विरतं, सून म्हणाली,
रक्तातलं छातीतून वर येतच राहतं.
मी ऐकलं.
म्हणजे कान तिथेच होते.

मग पौषात बामणोदच्या शिवारात भरिताची पार्टी.
पऱ्हाटीच्या जाळावर वांगी,
बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याच्या पुऱ्या,
आणि युवराजनं मोटारीच्या हौदात
गार करायला सोडलेल्या बाटल्या.
एक वाजता आडवा झालो.
पाचला उठलो, अंघोळ, पेस्ट, वर दोन लवंगा.
डोकं स्वच्छ. हात सरळ.
सव्वासहाला न्हावीची फेरी, अकरा पोरं.

किल्ली काढताना ते हाताला लागलं.
फुंकलं, सहज.
०.०४१.

पेस्ट असंल, म्हटलं. लवंग असंल.
चूळ भरली. तीन वेळा.
ओट्यावर बसलो, घड्याळ मांडीवर.
एवढी लांब पंधरा मिनिटं
बाळंतिणीच्या खोलीबाहेरही नव्हती.
०.०३८.

केळी असती तर गेली असती.

तासाला साधारण ०.०१५ उतरतं,
चहानं नाही, लिंबानं नाही, गार पाण्यानं नाही.
झोपलं तरी तेवढंच, जागलं तरी तेवढंच.
मी बोटांवर मांडलं:
सात वाजता ०.०२९.
कायद्याची रेघ ०.०३०.
सात वाजता मी सुटणार होतो, एका केसानं.
पोलिसानं अडवलं असतं तर
छातीठोक फुंकलं असतं.
पण यंत्र थोडं इकडेतिकडे चुकतं, सून म्हणाली होती,
आणि अकरा पोरांतली सगळ्यात धाकटी
इंजिनाच्या उबेला, माझ्या डाव्या कोपराशी बसते.

बाईंना फोन लावला.
"काय झालं हिरामणकाका, गाडी बिघडली?"
हो म्हणायचं तोंडावर आलं होतं.
तयार होतं.
"गाडी चांगली आहे," मी म्हणालो,
"मुश्ताकला पाठवतो."
पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही.

सात वाजता मी फुंकलंच नाही.
आठला ०.०१३.
सून पाळीवरून आली,
अंगणातली गाडी पाहिली, ओट्यावरचा मी पाहिला,
आणि आत जाऊन दोन कप चहा टाकला.
नऊला तीन शून्यं, दाखवायला कोणी नाही;
ती झोपली होती.

दुपारची फेरी मी मारली.
कनकनं विचारलं, "काका, सकाळी कुठं होते?"
मी म्हणालो, थांबलो होतो.
"कशासाठी?"
आता काय सांगावं.
यंत्राला नवी नळी लावून तिच्या हातात दिलं.
गाल फुगवून फुंकलं तिनं,
शिट्टी होईपर्यंत, डोळे मिटून,
मग आकडा पाहिला आणि तोंड एवढंसं झालं.
"शून्य?" ती म्हणाली,
"परत एकदा फुंकू?"