फरक

ताट धुतलं तर खरकटं ठेवणारा हा माणूस
सीडी धुतो तेव्हा बघावा.
आधी हात साबणानं, मग हात कोरडे,
मग दोन बोटांत कडेनं धरतात तिला,
तापलेलं झाकण धरावं तशी.

इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी आणलेलं पाणी
अर्धं सीड्यांनाच जातं.
नळाच्या पाण्यात क्षार आहेत म्हणे.
तापीचं पाणी गाण्याला चालत नाही.
मी त्यात चाळीस वर्षं वरण शिजवलं.

पुसायचं मधल्या भोकापासून कडेकडे, सरळ.
गोल नाही. गोल कधीच नाही.
आडवी रेघ असली तर गाडी ती ओलांडते,
फाटक ओलांडावं तशी;
पण रेघ रुळासोबत धावायला लागली
की गाडी घसरलीच.
भुसावळच्या लोको शेडात हयात गेली,
दुसरं काही सुचणार कसं.

कडेला हिरवा पेन फिरवतात.
आतला उजेड सैरावैरा पळतो, तो हिरव्यात अडकतो,
असं जळगावच्या एका दुकानदारानं सांगितलं.
तेव्हापासून शंभर-सव्वाशे सीड्या
मोठ्या साहेबाची सही झाल्यासारख्या.
मे महिन्यात एक रात्र फ्रीजमध्येही ठेवल्या,
मेथीच्या जुडीशेजारी.
सकाळी बाहेर काढल्या तर सावद्याच्या उन्हानं
त्यांना दरदरून घाम फुटला.
परत पुसणं आलं. मधून कडेकडे.

प्रत्येक वेळी लावून झाली की
"काव, फरक पडला का?"
मी लसूण सोलत असते.
"पडला ना. थोडा."
"कुठं?"
"वरच्या सुरांत."

वरचे सूर त्यांना ऐकूच येत नाहीत.
शेडनं पेन्शन दिलं, डावा कान ठेवून घेतला,
उजव्यातलाही थोडा.
कुकरच्या शिट्ट्या मी मोजते,
फोन वाजला तर मी सांगते,
आणि ही गोष्ट आम्ही दोघं कधी काढत नाही.

एकच सीडी सुधरेना.
मुरलीधर सरोदे, क्लॅरिनेट,
रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये, गणपतीत.
हे दोघं एकाच शिफ्टचे.
एकच प्रत, नातवानं तिच्यावर भोवरा फिरवलेला.
चौथ्या मिनिटाला अडायची
आणि तोच एक सूर, तोच एक सूर,
दारात उभ्या वसुलीवाल्यासारखा.
बॅटरीचं पाणी झालं, फ्रीज झाला, हिरवा पेन दोनदा झाला.

वॅगन भरणाऱ्या टोळीचा नवाब तडवी
पैसे मागायला आला होता, त्यानं बघितलं.
"काका, केळ घासा."
"सीडीला?"
"पहिले मोबाइलचं दुकान होतं ना माझं."
केळ्यांच्या गावात केळ्याला कोण औषध मानेल?
पण घड होताच दारात,
ठिपके पडलेला, दिल्लीला न जाणारा.

अर्धं केळ कापून घासलं, मग सालीची आतली बाजू,
मग मलमल. मधून कडेकडे.
घरभर शिकरणाचा वास.
मुंग्या येतील, मी म्हणाले.
ऐकू आलं नसावं.

तिसरं मिनिट गेलं. चौथं आलं.
चौथं गेलं.

"काव, फरक?"

मी सवयीनं तोंड उघडलं
आणि तसंच राहिलं ते.
सूर नाही. सुराच्या आधीचं काहीतरी,
ओठ नळीला लागण्यापूर्वी
माणूस छाती भरून घेतो ते.
सरोदेभाऊंना जाऊन अकरा वर्षं झाली.

"श्वास ऐकू येतो," मी म्हणाले.
"कुणाचा?"
"भाऊंचा. फुंकायच्या आधीचा."

माझ्याकडे बघत राहिले.
इतक्या वर्षांच्या 'थोडा'चा हिशेब
त्या वेळी झाला असेल तर झाला असेल.
"कोणत्या बाजूनं?"
"डाव्या."

उठले. पट्टीचा चष्मा शोधला.
स्पीकरच्या मागं गुडघ्यावर बसून
दोन्ही वायरी काढल्या,
डावीची उजवीला, उजवीची डावीला.
स्टूल ओढलं, उजवा कान जाळीला लावला,
पहिल्यापासून लावायची खूण केली मला.

चौथ्या मिनिटाच्या जरा आधी
"श्श," म्हणाले.
मी काही बोललेच नव्हते.