गिस्लीबाख, लांबी चार किलोमीटर

नकाशावर तो निळ्या केसाएवढा,
आणि गावाच्या मधोमध तेवढाही नाही:
तिथे तुटक रेघ. तुटक रेघ म्हणजे पाइप.

उगम वरच्या गायरानात, एका बीचखाली,
जिथे वाळूचा दगड चिकणमातीवर टेकतो
आणि मुरलेल्या पाण्याला पुढची वाट मिळत नाही.
लोखंडी झाकण, कुलूप. पहिलं पाणी गावच्या नळाला,
मग गायींच्या दगडी कुंडीला,
आणि गायींनी हुंगून सोडलेलं ते हा ओढा.

शेलबर्टांच्या शेताशी तो विनाकारण वळतो.
कारण आहे, पण दोन घरं ते वेगवेगळं सांगतात
आणि पणजोबांपासून एकमेकांना काहीच सांगत नाहीत.
मग दरी, खेकडे, पोरांची दीड दिवसाची धरणं,
मग आमराइनची गिरणी, चाक नसलेली;
भिंतीवर चाकाने घासलेला अर्धगोल मात्र आहे.

मग गाव.
डाव्या काठाला कॅथलिक, उजव्याला रिफॉर्म्ड.
डावीकडे कोनाड्यात मारिया, उजवीकडे नुसता कोनाडा.
दोन घंटा, अर्ध्या मिनिटाच्या फरकाने.
ओढा दोन्हींचं ऐकून घ्यायचा,
मानायचा कुणाचंच नाही.

रिबिनींचा कारखाना होता तेव्हा
तो सोमवारी निळा वाहायचा, बुधवारी किरमिजी,
शनिवारी चामडं कमावणाऱ्यांचा, म्हणजे नाक धरून.
शाळेतली पोरं पुलावरून वाकून वार सांगायची.
मासे कधी गेले ते कुणी लिहून ठेवलं नाही.

लिहून ठेवलं ते एका जूनमधल्या रात्रीचं,
पाद्र्याच्या वहीत, एकाच ओळीत:
पूल, दोन डुकरं, त्सुंबूलांची गाय,
आपोलोनिया, वय चार.
त्यापुढे शाईचा डाग. मग दुसऱ्या दिवसाचे लग्न.

म्हणून सिमेंट आलं तेव्हा कुणी रडलं नाही.
तीनशे मीटर पाइप, वर डांबर,
अकरा गाड्यांची जागा, पोस्ट, पावाचं दुकान.
ओढ्याला गावात येऊन
गाव न बघता जायची सवय लागली.

क्रेसेन्त्सिया हुंगरब्यूलर, वय एक्याण्णव,
पाव आणि पोस्ट यांच्यामध्ये
रोज एका गटाराच्या झाकणावर थांबते.
लोकांना वाटतं, दम खाते आहे.

शाळेच्या व्यायामशाळेत सभा भरली:
ओढा परत वर काढायचा की नाही.
सहा लाख फ्रँक, पाणी दिसावं म्हणून? कुणीतरी विचारलं.
आणि गाड्या? दुसऱ्याने.
तिला बोलायला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली,
"मार्चमध्ये त्याचा आवाज बसलेला असतो."
कुणाला काही कळलं नाही.
हात वर झाले. एकसष्ट विरुद्ध अठ्ठावन्न.

एक्स्कव्हेटरवर बेस्निक होता, प्रिझ्रेनचा.
त्याच्याही गावातून नदी जाते, तिच्यावर दगडी पूल आहे,
पण दुपारच्या सुट्टीत त्याला ते कुणी विचारत नसे.
पाइप उचलला, पाइपखाली जुने तीर,
एक घोड्याचा नाल, बाटल्या,
आणि वावभर खाली मातीचा एक थर
असा निळा, की त्याने मशीन बंद केलं.

इंजिनिअरला फोन लागेना.
म्हातारी तिथेच होती, झाकण नसल्यामुळे जरा हरवलेली.
त्याने फावड्यावरून तो गोळा तिच्यापुढे धरला.
तिने चिमूट घेतली, बोटांत चोळली,
हुंगली.

"सोमवार," म्हणाली.

बेस्निक म्हणाला, नाही, आज गुरुवार.
मग बाराची घंटा झाली, डावीकडची,
आणि तो डबा उघडेपर्यंत उजवीकडची.
खाली, खड्ड्यात, आडोशाच्या फळीखालून
थोडं तपकिरी पाणी आलं होतं.
आखलेल्या वळणाकडे न जाता
ते पोस्टाच्या तळघराच्या दिशेने निघालं होतं.