बोर्डाखाली

मोदगेकर बाईंची पांढरी गाडी आधी मंगळवारी थांबली,
मग शुक्रवारी, मग रोज.
काकतीच्या पुढं, हायवेवर, ऐंशीच्या वेगात,
समोर ना म्हैस ना माणूस,
आणि ब्रेकचं पेडल आपलं आपण खाली.
"कुणीतरी बसलंय बघा माझ्या पायापाशी,"
असं म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.
नारळ फोडून झाला होता. लिंबू अजून लटकत होतं.

उद्यमबागेत माझं शेड. शेजारी फाउंड्री,
दिवसभर जळक्या वाळूचा वास.
कार्बोरेटर मी तीस वर्षं कानानं लावले.
या गाडीला कान लावला
तर नुसता पंखा.

पॅड बघितले. ऑइल बघितलं. पेडलचा स्विच बदलला,
साडेचारशे रुपये, उगीच गेले.
चाकांचे सेन्सर पुसले.
शिवबसू लॅपटॉप जोडून बसला तासभर,
म्हणाला, "एनू इल्ला, मामा. गाडी म्हणूलीय मी बरी हाय की."

बरी हाय म्हणणाऱ्याची मला जास्त भीती.
माझा थोरला भाऊ असंच म्हणायचा.

मग मीच शेजारी बसलो, वही घेऊन.
"चालवा. थांबली की लिहितो."
होनग्याच्या अलीकडं थांबली.
मागच्या ट्रकवाल्यानं कन्नडमध्ये शिवी दिली,
मग आमची तोंडं बघून मराठीतही.
परतताना थांबली.
तिसऱ्या खेपेला मी वही मिटली
आणि मान वर केली.

वर बोर्ड.
रस्त्यावर आडवी लोखंडी कमान, हिरवा पत्रा,
गावांची नावं, बाण, किलोमीटर.
दर खेपेला बोर्ड.

मला हसू आवरेना. बाई बघत राहिल्या.
बोर्डापाशी अडायचं हे दुखणं
आमच्याकडं माणसांना होतं, गाडीला व्हायचं राहिलं होतं.
माझे वडील एका पाटीवरच्या चार अक्षरांपायी
नऊ दिवस हिंडलग्याच्या जेलात होते.
डबा मी न्यायचो. सायकलचे ब्रेक तेव्हा
लागतच नसत, पाय घासत थांबायचं.

हिला तर वाचताही येत नाही.
रडारला लिपी नाही. त्याला फक्त लोखंड दिसतं,
किती लांब, आणि किती वेगानं जवळ येतंय.

बंपर उतरवला. आत तंबाखूच्या डबीएवढं यंत्र,
आणि त्याची पट्टी वाकलेली.
"दिवाळीत उसाची ट्रॉली मागं सरकली होती,
पण नुसती टेकली हो," बाई म्हणाल्या.
पेंटरनं लांबी भरली, रंग झकास मारला,
आणि पट्टी बसेना म्हणून खाली दोन वायसर सारले.
दोन वायसर, म्हणजे दोन अंश.
रस्ता सोडून गाडी वर बघत चालली होती,
आणि वरच्या पत्र्याला भिंत समजत होती.

नवी पट्टी कोल्हापूरहून यायला सहा दिवस.
मग पाण्याच्या नळीनं जमीन बघितली,
चारी चाकांत हवा सारखी केली, टाकी भरली,
मधोमध दोरी ताणली, ओळंबा सोडला.
आजोबा गवंडी होते, ओळंबा त्यांचाच.
फाउंड्रीतल्या किणेकरांनी पत्र्याचे तीन तुकडे
काटकोनात डकवून दिले, ते समोर उभे केले.
मी स्क्रूवर, शिवबसू पडद्यावर.
"मेले," तो ओरडतो. "मेले, मामा."
बाई दचकल्या. मेले म्हणजे वर, मी सांगितलं.
"केळगे. अजून थोडं केळगे. साकू!"

संध्याकाळी पुन्हा काकती, पुन्हा होनगे.
बोर्ड जवळ आला, मोठा झाला,
अक्षरं डोक्यावरून मागं गेली.
गाडी गेली सरळ, काही झालंच नसल्यासारखी.
बाईंनी "अगं बाई" म्हणून रेडिओ लावला.

माझा उजवा पाय मात्र
समोरच्या मॅटवर दाबलेला, तिथं पेडल नसताना.
पुढच्या बोर्डालाही.