काहीच न होण्याची तारीख

मकरपुऱ्यात गॅस्केटं कापणारा कारखाना,
माझं अकरा वर्षांचं गिऱ्हाईक.
दर सोमवारी जाते, पंख्यांतली धूळ फुंकते,
बॅकअप झाला का बघते, चहा पिते, निघते.
यंदा जूनमध्येच वही घेऊन गेले.

सतरा संगणक. झाकणं उघडून लिहीत सुटले.
हिशेबाचे चार, रॅम घातली की नवीन सिस्टिम पेलतील.
डिस्पॅचचा, ज्याची स्पेस बार
ज्योत्स्नाबेननं रबर लावून जिवंत ठेवली आहे.
रिसेप्शनचा एका पिढीने कमी पडतो.
(पिढी म्हणजे इथे दीड वर्ष.)
आणि मागच्या खोलीतला,
कापायच्या यंत्राला जोडलेला,
ज्याचा प्रोग्रॅम लिहिणारी कंपनी
आता फोनही उचलत नाही.

जशुभाई अमीन यादी न वाचताच म्हणाले,
‘चाले छे ने?’
चालतंय.
‘तो पछी?’

कसं सांगायचं, की चौदा ऑक्टोबरला
काहीच होणार नाही.
पंधराला तीच धून वाजेल, तेच हिरवं कुरण पडद्यावर,
ज्योत्स्नाबेन तसंच ई-वे बिल काढतील.
फक्त दूर कुठेतरी
आपण कधी न पाहिलेली माणसं
आपली भोकं बुजवायचं थांबवतील.
आवाज होणार नाही. मला त्याचीच धास्ती.

मग म्हटलं, जशुभाई, आजव्याचे फूट मोजता ना?
पाऊस इथे नसतो तेव्हाही?
रात्री झोपण्याआधी मोबाइलवर एकदा आजवा,
एकदा काळ्या घोड्याचा पूल?
त्या वर्षी मात्र तुम्ही अकराला फोन केलात,
आणि विश्वामित्री तोवर
टेबलाच्या दुसऱ्या खणात होती.

ते गप्प झाले.
पेनाचं टोपण काढलं, लावलं.
‘केटला?’

आकडा सांगितला. परत गप्प.
मग आम्ही दोघं वेगवेगळ्या कॅलेंडरांवर बसलो.
जुलैत चार, पगार झाल्यावर.
ऑगस्टमध्ये पाच, पाणी चढलं नाही तर.
नवरात्रीचे नऊ दिवस सोडून द्या,
बडोद्यात तेव्हा सकाळी अकराआधी
माणूस सुरू होत नाही, मशीन काय होणार.
बाकीचे त्याआधीच,
म्हणजे दिवाळीच्या चोपडापूजनाला
कुंकू नव्या झाकणावर लागेल.
हे शेवटचं त्यांना आवडलं.
मी तयारच ठेवलं होतं.

राहिला मागच्या खोलीतला.
त्याला बदलायचं तर यंत्रही बदलायचं,
आणि यंत्र म्हणजे गाळ्याची अर्धी किंमत.
ठरलं: त्याचं नेटवर्क तोडायचं.
ड्रॉइंग पेन ड्राइव्हवर हातानं न्यायची,
आधी तपासून, रोज.
हंबीरराव सावंत त्या यंत्रावर बावीस वर्षं आहेत.
ऐकून म्हणाले, ‘म्हणजे ह्याला वाळीत टाकलं.’
मी म्हटलं, नाही हो, जपलं.
माझ्याच कानाला ते खोटं वाटलं.

पंधरा ऑक्टोबरला गेले. बुधवार होता, तरी गेले.
सोळा नवे नाहीतर नव्यासारखे, एक जुना.
जशुभाई दारातच हसले,
‘जोयुं? कशुं ना थयुं.’
हो ना, म्हटलं. बिल पाठवते.

मागे हंबीरराव
काढलेली निळी वायर कोपरावर गुंडाळत होते,
दोरी गुंडाळावी तशी, घट्ट.
कचऱ्यात टाकतील वाटलं.
त्यांनी ती खिळ्याला अडकवली,
टोपीच्या शेजारी.