शक्य तितक्या जवळ

नोंदणी क्रमांक अ दोनशे सतरा.
मौजे लोहारखेड, तालुका उदगीर.
न्यासाचं नाव गुरव्वा हौद फंड.
उद्देश एका ओळीचा.
फाइल मात्र वीतभर जाड,
दोऱ्याला माझ्या आधीच्या तीन कारकुनांनी
आपापल्या हाताची गाठ मारलेली.

फसली तेराशे एक्केचाळीस.
गुरव्वा भ्रतार शिवप्पा, कौम लिंगायत, पेशा घाणा,
मूलबाळ नाही.
हाली सिक्क्याचे अकराशे रुपये
आणि विहिरीलगतची दोन एकर वीस गुंठे
तिनं देगलूरच्या वाटेवरल्या दगडी हौदाला लावून दिली:
दोर, मोट, मोटेवरच्या गड्याची जवारी,
चंद्र-सूर्य असेतोवर.

चंद्र-सूर्य आहेत अजून.
हौद चौपदरीत गेला.
दगड भरावाला लागले,
मोबदला तेवढा खात्यात आला.
मुदत ठेव, नूतनीकरण, मुदत ठेव, नूतनीकरण,
लेखापरीक्षकाचा शेरा: आक्षेप नाही.
आजअखेर चौदा लाख बत्तीस हजार.
तहानेवर एवढं व्याज चढतं
हे मला लातूरच्या कचेरीत चिकटल्यावर कळलं.

कायदा म्हणतो,
मूळ हेतू पार पडणं अशक्य झालं
तर रक्कम लावावी
त्या हेतूच्या शक्य तितक्या जवळ.

जवळ म्हणजे किती, ते कलमात नाही.

विश्वस्त बसवणप्पा म्हणतात, मंगल कार्यालय.
वऱ्हाडी येतील, पाणी पितील, हेतू साधेल.
दुसरे विश्वस्त, वकिलामार्फत, म्हणतात कमान.
वर गुरव्वाचं नाव, सोळा इंची अक्षरांत.
तिसरे मयत.
पण त्यांचा बदल अर्ज अकरा वर्षं पडून आहे
म्हणून आमच्या दप्तरी ते हयात,
आणि त्यांची कशालाच हरकत नाही.

दस्त उर्दूत.
वाचायला वाजिद मास्तरांना बोलावलं.
त्यांनी भिंग सदऱ्याला पुसलं,
चार ओळी सरळ वाचल्या
आणि एका शब्दावर बोट ठेवून थांबले.
बेजबान.

"म्हणजे जनावरं," साहेब म्हणाले.
"जी. जनावरंच.
पण जनावर हा शब्द लिहिणाऱ्याला येत होता, साहेब.
वरच्या ओळीत बैलांसाठी वापरलाय त्यानं.
हे त्यानंतर लिहिलंय.
'आणि' घालून."

वकील उठले, कोट सारखा केला, बसले.
पंखा तेवढा करकरत होता.
टंकलेखकानं मान वर केली,
शब्द मराठीत काय घेऊ?
साहेब बराच वेळ खिडकीकडं बघत होते.
म्हणाले, तसाच ठेव.
निकाल राखून.

रविवारी मी गेलो तिकडं, उगाच.
असल्या जाण्याला प्रवासभत्ता नसतो.
हौदाच्या जागी मोरी, मोरीवर किलोमीटरचा दगड.
खाली सर्व्हिस रोडला एक पंक्चरचं दुकान
आणि निळ्या ड्रमचे उभे कापलेले दोन अर्धे.
एकात तो ट्यूब बुडवून हवा शोधत होता.
दुसऱ्यात तोंड घालून दोन शेळ्या, एक खरजुलं कुत्रं,
आणि त्यांच्या पलीकडं उकिडवा बसून
ट्रकवरचा एक क्लीनर, लांबच्या मुलखातला,
मानेवर पाणी मारून घेत होता.

कुणाचं हे?
"ड्रम? रंगाचा व्हता."
नाही, पाणी. कुणासाठी ठेवता?
"कोण बी येतंय, पेतंय."
आणि पुन्हा बुडबुड्यांकडं वळला.

खिशाला पेन होतं.
नाव विचारलं असतं
तर नावामागं क्रमांक आला असता,
क्रमांकामागं परिशिष्ट, विवरण, तीन विश्वस्त,
आणि कधीतरी, कुणाच्या तरी नातवाच्या काळात,
चौदा लाख.

मला काही बोलता येईना.
त्याला वाटलं असावं, ऊन लागलंय.
त्यानं कॅन कलती केली.
मी ओंजळ धरली.

पाण्याला रंगाचा किंचित वास होता.
निकालाची तारीख सतरा.