मुंडक्यांचं पाणी

कोळंबी सोलली की मुंडकी मी फेकायचे.
काळ्या पिशवीत, दोन गाठी मारून,
तरी घंटागाडी येईपर्यंत जिन्याला वास.
लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात
आयनं ती पिशवी डब्यातून उचलली,
गाठी सोडल्या, माझ्याकडं पाहिलंही नाही.
"यानच तं सगला हाय," एवढंच म्हणाली.

मी कोरेगावकडची.
आमच्याकडं पाणी म्हणजे मटणाचं अळणी,
पोरांना आणि बाळंतिणीला वाटीतून.
समुद्राचंही अळणी निघतं
हे मला करावे गावात येऊन कळलं.

तिचं पातेलं पोचे पडलेलं, बुडाला काळं.
तेल थेंबभर. मुंडकी, टरफलं,
करड्याची नारिंगी होईपर्यंत
उलथन्याच्या पाठीनं दाबत राहायची,
तापल्या पोराचं कपाळ चेपावं तशी.
ठेचलेला लसूण, चार मिरी, कोथिंबिरीच्या काड्या,
पाणी बुडेल इतकंच.
खदखदू द्यायचं नाही, नुसतं हलू द्यायचं.
वीस मिनिटं. पुढं गेलं की कडवटतं.
आणि मीठ नाही:
मीठ ज्या त्या दिवसाच्या भांड्याचं.

जुन्या पंचातून गाळलं की खाली उरतं
भरतीच्या खाडीसारखं गढूळ, विटकरी.
भात त्यात, वाल त्यात,
बंदीच्या दोन महिन्यांत नुसती भाकरी त्यात.

अकरा वर्षांपूर्वी
हरेश चौथ्या मजल्यावर नळ्यांमध्ये पडला होता,
बाहेरच्या बाकावर बसून आय देवाशी काहीतरी बोलली
आणि म्हावरं सोडलं.
हरेश घरी आला. म्हावरं परत आलं नाही.

तेव्हापासून माझी दोन पातेली.
दुसऱ्यात मटारची सालं, फ्लॉवरचे दांडे,
गाजराची शेंडी, शेवग्याच्या शेंगांची बुडखी.
फ्रीजरमध्ये दोन बाटल्या:
लाल झाकण आमचं, हिरवं तिचं.
पहिल्या बाटलीकडं ती बघायचीसुद्धा नाही,
पण मी गाळत असताना
ओट्याशी काहीतरी काम काढायची.

परवा शनिवारी वीज गेली.
मोबाइलच्या उजेडात बाटली काढली,
बर्फ खरवडला, तुरीच्या आमटीत ओतलं,
दोन आमसुलं टाकली.

पहिल्या घासाला तिचा हात थांबला.

मी मोरीकडं बघितलं. कट्ट्यावर
लाल झाकण उताणं पडलेलं.
हरेश गाडी लावण्यावरून कुणाशी भांडण झालं ते सांगत होता.
आय वाटीत बघत राहिली,
पाणी चढतंय की उतरतंय
हे होडीत बसून बघावं तसं.
मग म्हणाली, "अजून वाढ."
मी वाढली.
पुन्हा म्हणाली.
शेवटी वाटी तिरकी करून
बोटानं कड पुसून घेतली.

रात्रभर मला झोप नाही.
सांगायचं ठरवलं, कसं ते ठरेना.
देव कुणाचा, चूक कुणाची,
आणि हरेश शेजारी घोरतोय, धडधाकट.

सकाळी ती लसूण सोलत बसलेली.
मी म्हटलं, "आय, काल..."
"कालचे आमटीन मीठ बराबर व्हता," ती म्हणाली,
पाकळ्या माझ्या हातावर ठेवल्या, उठली.

अकराला खाली धाकलीबाय टोपली घेऊन आली.
गॅलरीतून आयचाच आवाज,
इतक्या वर्षांनी त्या कामासाठी उंच केलेला:
"कोलबी दे गो. मुंडक्यांसकट!"
"कोनाला गो?" खालून विचारलं.
"सुनेला," म्हणाली. "तिला लागते."

हिरवं झाकण मला दुपारी सापडलं,
मिठाच्या बरणीवर.
नीट बसत नव्हतं.